एसएसडी बसवली, तरी कॉम्प्युटर स्लोच? कोणती फाईल एसएसडीत आणि कोणती हार्ड डिस्कवर ठेवायची, जाणून घ्या सविस्तर

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला नॉन-क्रिमीलेयर, कुणाला जातीचा दाखला. रांग मात्र पुढे सरकत नाही. "दादा, अजून किती वेळ?" असं विचारलं की आतून उत्तर येतं, "ताई, कॉम्प्युटर चालू होतोय, पाच मिनिटं थांबा." दर वेळी सर्व्हरच डाऊन असतो असं नाही. बऱ्याचदा अडचण टेबलाखालच्या डब्यातच असते. आत जुनी हार्ड डिस्क फिरत असते आणि सगळा भार तिच्यावर पडलेला असतो.

यावर उपाय म्हणून आता गावोगावी जुन्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी बसवून घेतली जाते. जुनी हार्ड डिस्कही तशीच ठेवली जाते. म्हणजे एका डब्यात दोन डिस्क झाल्या. पण कोणत्या डिस्कवर काय ठेवायचं, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. मग काही ठिकाणी एसएसडी बसवूनही कॉम्प्युटर पहिल्यासारखाच रेंगाळतो, काही ठिकाणी चार महिन्यांत एसएसडी भरून लाल पट्टी दिसायला लागते. आणि सर्वात वाईट म्हणजे, "डी ड्राइव्हमध्ये टाकलंय, सेफ आहे" या भरवशावर ठेवलेले फोटो आणि कागदपत्रं एका झटक्यात जातात.

यामागचं गणित अवघड नाही. घरात ज्वारी कशी ठेवली जाते ते आठवलं तरी पुरे. वर्षाची ज्वारी कणगीत किंवा पोत्यात असते आणि रोजचं पीठ चुलीजवळच्या डब्यात. कणगी मोठी, पण दर भाकरीला तिच्यापर्यंत कुणी जात नाही. डबा छोटा, पण हाताशी असतो. एसएसडी म्हणजे डबा आणि हार्ड डिस्क म्हणजे कणगी.

दोघींत नेमका फरक काय?

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या असतात. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या त्या फिरतात आणि त्यावर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकत माहिती वाचते. डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, लॅपटॉपमधली बऱ्याचदा ५,४०० वेळा. हा वेग मोठा वाटतो, पण कॉम्प्युटरच्या हिशेबात तो फारच कमी आहे.

मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०. माहितीचा हवा तो तुकडा दांडीखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी दांडीला योग्य जागी सरकायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. एका तुकड्यासाठी असे १३ मिलिसेकंद जातात. विखुरलेल्या एक हजार छोट्या फाईल वाचायच्या तर नुसतं शोधण्यातच १३ सेकंद गेले. कॉम्प्युटर चालू होताना विंडोज अशा हजारो छोट्या फाईल वाचत असते. पाच-पाच मिनिटं गोल चक्र का फिरत राहतं, त्याचं कारण हे.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. तिथे फक्त चिप असतात. हातातल्या मोबाईलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये आणि मेमरी कार्डमध्येही याच कुळातली मेमरी असते. कुठलाही तुकडा शोधायला एसएसडीला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याच्याही आतबाहेर वेळ लागतो. हार्ड डिस्कला जिथे १३ सेकंद लागतात, तिथे एसएसडीचं काम डोळ्याची पापणी लवते तोवर होतं.

मोठ्या फाईलच्या बाबतीत मात्र फरक इतका प्रचंड नसतो. दोन तासांची व्हिडिओ फाईल सलग ठेवलेली असली तर दांडीला सारखं इकडे-तिकडे पळावं लागत नाही. तेव्हा हार्ड डिस्कही सेकंदाला १०० ते २०० एमबी वाचते. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते. पट्टीसारखी दिसणारी, थेट मदरबोर्डवर बसणारी एनव्हीएमई एसएसडी ३,००० एमबीच्या पुढेही जाते. पण लग्नाची तयार झालेली व्हिडिओ नुसती बघायची असेल तर हार्ड डिस्कचा वेगही पुरून उरतो.

दुसरा फरक पैशाचा. तेवढ्याच पैशात हार्ड डिस्कवर एसएसडीच्या कितीतरी पट जागा मिळते. म्हणूनच दोन्ही ठेवायच्या आणि काम वाटून द्यायचं, हा मार्ग परवडतो.

आधी हे तपासा: 'सी' आणि 'डी' म्हणजे दोन डिस्क नव्हेत

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. 'माय कॉम्प्युटर' उघडलं की सी, डी, ई असे ड्राइव्ह दिसतात. अनेकांना वाटतं, या वेगवेगळ्या डिस्क आहेत. प्रत्यक्षात बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क एकच असते आणि तिचेच दोन-तीन भाग पाडलेले असतात. एकाच पाच एकराच्या वावराला मधे बांध घातला म्हणून दोन वेगळी शेतं होत नाहीत. पूर आला तर बांधाच्या दोन्ही बाजूंचं पीक जातं. तसंच इथे डिस्क खराब झाली की सी, डी आणि ई तिन्ही एकदमच जातात.

आपल्याकडे नेमकं काय आहे हे पाहायला कुणाला बोलवायची गरज नाही. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' वर गेलं की डाव्या बाजूला डिस्कची यादी दिसते.

- 'डिस्क ०' समोर कंसात सी आणि डी दोन्ही अक्षरं असतील, तर डिस्क एकच आहे.
- 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' अशा दोन ओळी असतील आणि एकीसमोर सी, दुसरीसमोर डी असेल, तर डिस्क खरोखर दोन आहेत.
- अलीकडच्या विंडोजमध्ये त्या नावाखालीच एसएसडी की एचडीडी हेही लिहिलेलं असतं. एचडीडी म्हणजे हार्ड डिस्क.

इथेच आणखी एक गोष्ट कळते. सी ड्राइव्हसमोर एचडीडी दिसत असेल, तर एसएसडी बसवूनही विंडोज जुन्याच डिस्कवरून चालू आहे. म्हणजे नवा डबा आणला, पण पीठ अजून कणगीतूनच काढलं जातंय. कॉम्प्युटर वेगवान होण्यासाठी विंडोज एसएसडीवर असणं ही पहिली अट आहे.

एसएसडीत काय ठेवावं?

जे रोज उघडतं, सारखं उघडतं आणि छोट्या-छोट्या फाईलींचं बनलेलं असतं, ते एसएसडीत.

- विंडोज. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी जागा लागते, पण तेवढ्यावर भागत नाही. अपडेट येत राहतात. त्यामुळे २५६ जीबीपेक्षा लहान एसएसडी घेऊन नंतर कुरकुर करण्यात अर्थ नाही.
- रोजची सॉफ्टवेअर. ब्राउझर, टायपिंग, प्रिंटर-स्कॅनरचं सॉफ्टवेअर, फोटोशॉप, कोरलड्रॉ, व्हिडिओ एडिटिंग, टॅली, सगळं इथेच.
- हिशेबाचा डेटा. दुकानाचा किंवा सोसायटीचा हिशेब जागा फार खात नाही, पण दिवसभर उघडा असतो. तो एसएसडीतच असावा. मात्र त्याची रोजची एक प्रत हार्ड डिस्कवर जायला हवी.
- सध्या सुरू असलेलं काम. आज ज्या लग्नाचा अल्बम बनतोय त्याचे फोटो, आज भरायचे फॉर्म, उद्या छापायचा फ्लेक्स.

हार्ड डिस्कवर काय ठेवावं?

जे मोठं आहे, संपलेलं आहे आणि क्वचित लागतं, ते हार्ड डिस्कवर.

- पूर्ण झालेल्या कामाचे फोटो आणि व्हिडिओ.
- सिनेमे, गाणी, कीर्तन-भजनाची रेकॉर्डिंग, क्लासचे व्हिडिओ.
- मागच्या वर्षांची कागदपत्रं, जुने हिशेब, जुन्या फ्लेक्सची डिझाईन.
- सॉफ्टवेअरच्या सेटअप फाईल.
- एसएसडीतल्या महत्त्वाच्या फाईलींची दुसरी प्रत.

थोडक्यात, फाईलचा मुक्काम कायमचा नसतो. काम सुरू आहे तोवर ती एसएसडीत असते, संपलं की हार्ड डिस्कवर जाते. ही सवय लागली की एसएसडी कधी तुंबत नाही.

स्टुडिओचा हिशेब

समजा, तालुक्याच्या गावात एक फोटो स्टुडिओ आहे. कॉम्प्युटरमध्ये २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. पहिला धक्का इथेच बसतो. विंडोजमध्ये एसएसडी २३८ जीबीच दिसते आणि हार्ड डिस्क ९३१ जीबी. यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी १,००० च्या पटीत मोजते, तर विंडोज १,०२४ च्या पटीत. डिस्क तीच, फक्त मोजायचं माप वेगळं.

विंडोज आणि एडिटिंगची सॉफ्टवेअर मिळून समजा ७० जीबी जागा जाते. उरले १६८ जीबी. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा वेग पडतो, म्हणून १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवलेली बरी. म्हणजे कामाला उरले साधारण १२० ते १३२ जीबी.

आता एका लग्नाचा हिशेब. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक रॉ फोटो साधारण २५ एमबीचा धरला, तर २,००० फोटोंचे ५० जीबी होतात. व्हिडिओ सेकंदाला ५० मेगाबिटने घेतला, तर एका तासाला साडेबावीस जीबी. चार तासांचे ९० जीबी. हळदीपासून पाठवणीपर्यंत एका लग्नाचे १४० जीबी झाले. म्हणजे एक पूर्ण लग्नही एसएसडीत नीट मावत नाही. ऐन लग्नसराईत आठवड्याला दोन-तीन लग्नं असली तर विचारायलाच नको.

अशा वेळी कामाचा क्रम असा ठेवता येतो. कॅमेऱ्याच्या कार्डातून सगळा माल आधी हार्ड डिस्कवर उतरवायचा. हार्ड डिस्क सेकंदाला १२० एमबी घेत असेल तर १४० जीबीला सुमारे २० मिनिटं लागतात. कार्ड किंवा रीडर जुना असेल तर जास्त. मग सध्या ज्याचं एडिटिंग करायचं आहे तेवढंच एसएसडीत आणायचं. आधी निवडक फोटो, अल्बम संपला की व्हिडिओ. काम पूर्ण झालं की तयार अल्बम आणि तयार व्हिडिओ हार्ड डिस्कवर, आणि एसएसडीतली कामचलाऊ प्रत पुसायची. पुसण्याआधी हार्ड डिस्कवरची फाईल एकदा उघडून बघायची, नुसतं नाव दिसतंय म्हणून समाधान मानायचं नाही.

या हिशेबात १ टीबीच्या हार्ड डिस्कवरही अशी जेमतेम ६ लग्नं मावतात. म्हणून स्टुडिओवाल्याने एसएसडी मोठी घेण्याआधी हार्ड डिस्क मोठी घेतलेली जास्त फायद्याची.

सेवा केंद्राचं गणित याच्या उलट आहे. तिथल्या पीडीएफ आणि स्कॅन केलेले फोटो काही केबीचे असतात. जागा कमी लागते, वेग जास्त लागतो. तिथे एकटी एसएसडीही पुरते, हार्ड डिस्क लागते ती फक्त प्रतीसाठी.

फाईल हलवायच्या कशा?

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चारही ठिकाणं मुळात सी ड्राइव्हमध्येच असतात. डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल कुठल्या वेगळ्या जागी नसते. त्यामुळे विंडोज एसएसडीवर गेली की यातलं सगळं एसएसडी खायला लागतं. उपाय असे आहेत.

- नवीन फाईलसाठी: सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज या क्रमाने गेलं की नवीन फोटो, व्हिडिओ कुठे जपायचे ते निवडता येतं. तिथे हार्ड डिस्कचं अक्षर निवडावं.
- जुन्या फोल्डरसाठी: आधी हार्ड डिस्कवर 'पिक्चर्स' नावाचं रिकामं फोल्डर बनवावं. मग मूळ पिक्चर्स फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. तिथे ते नवीन फोल्डर दाखवावं. नुसता डी ड्राइव्ह दाखवू नये, नाही तर डी ड्राइव्हच पिक्चर्स फोल्डर होऊन बसतो आणि निस्तरताना घाम फुटतो.
- वनड्राइव्ह चालू असेल तर आधी त्यातला या फोल्डरचा बॅकअप बंद करावा, मग फोल्डर हलवावं.
- ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'डाउनलोड्स' ची जागा बदलता येते. मोठे डाउनलोड थेट हार्ड डिस्कवर जाऊ द्यावेत.

या चुका हमखास होतात

पहिली चूक: सी ड्राइव्ह भरला म्हणून 'प्रोग्रॅम फाईल्स' किंवा 'विंडोज' फोल्डर कट करून डी मध्ये पेस्ट करणं. सॉफ्टवेअर असं हलत नाही. ते काढून टाकून नव्याने दुसऱ्या ड्राइव्हवर घालावं लागतं.

दुसरी चूक: "फॉरमॅट मारून द्या" एवढंच सांगून कॉम्प्युटर दुकानात सोडणं. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह पुसला जातो आणि त्यासोबत डेस्कटॉपवरच्या फाईलीही. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा डेटा अनेकदा सी ड्राइव्हमध्येच असतो. फ्लेक्स-पत्रिकेसाठी घातलेले मराठी फॉन्टही विंडोजच्या फोल्डरमध्येच असतात. नवी एसएसडी बसवताना विंडोज नव्याने घालावी किंवा जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून घ्यावी, दोन्ही चालतं. पण जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू देऊ नये. आठ-पंधरा दिवस नव्या डिस्कवर काम करून, सगळं सापडतंय याची खात्री झाल्यावरच पुसावी.

तिसरी चूक: एसएसडीला डीफ्रॅग करणं. हार्ड डिस्कवर विखुरलेले तुकडे एकत्र केले की दांडीची पळापळ वाचते, म्हणून तिथे त्याचा फायदा आहे. एसएसडीला दांडीच नाही, त्यामुळे फायदा काही नाही आणि वापर मात्र वाढतो. विंडोज स्वतःच एसएसडी ओळखून तिची योग्य ती देखभाल करते. बाहेरचं सॉफ्टवेअर घालायची गरज नाही.

चौथी चूक: एसएसडी झिजेल या भीतीने ती वापरायचीच नाही. एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते हे खरं. पण चांगल्या कंपनीच्या २५० जीबीच्या साटा एसएसडीवर १५० टीबीपर्यंत लिहिण्याची हमी दिलेली असते. रोज २० जीबी लिहिले तरी एवढं लिहायला वीस वर्षं लागतील.

विभागणी म्हणजे बॅकअप नव्हे

ही या सगळ्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. फोटो एसएसडीतून हार्ड डिस्कवर हलवले, तर फोटो सुरक्षित झाले असं नाही. आधी ते एका जागी होते, आताही एकाच जागी आहेत. फक्त जागा बदलली. सोनं कपाटातून काढून ट्रंकेत ठेवलं म्हणून ते दुप्पट होत नाही.

हार्ड डिस्क जाताना बऱ्याचदा इशारा देते. टक-टक आवाज येतो, फाईल उघडताना कॉम्प्युटर अडकतो, फोल्डर उघडायला मिनिट लागतं. असं झालं की त्या डिस्कवर नवीन काही न टाकता आधी महत्त्वाचं काढून घ्यावं. एसएसडी मात्र आवाज करत नाही. काल चालू होती, आज कॉम्प्युटरला दिसतच नाही, असं होऊ शकतं. शिवाय हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाईल बऱ्याचदा परत मिळते, कारण तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच असते. एसएसडीत पुसलेली जागा विंडोज आतून मोकळी करून घेते. त्यानंतर फाईल मिळण्याची आशा जवळपास नसते.

म्हणून फोटोग्राफीच्या धंद्यात ३-२-१ चा नियम सांगितला जातो. महत्त्वाच्या फाईलच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ प्रत घराबाहेर किंवा दुकानाबाहेर. कॉम्प्युटरमधली एसएसडी आणि हार्ड डिस्क या एकाच डब्यात असतात. वीज पडली, पाणी शिरलं, आग लागली किंवा चोराने डबाच उचलला, तर दोन्ही एकदमच जातात. तिसरी प्रत त्यासाठीच. बाहेरून लावायची एक हार्ड डिस्क घ्यावी, आठवड्यातून एकदा प्रत काढावी, आणि ती काढून घरी न्यावी. कायम कॉम्प्युटरला लावून ठेवली तर व्हायरस तिच्यापर्यंतही पोचतो.

थोड्याशा कागदपत्रांसाठी इंटरनेटवरची जागाही चालते. गुगल खात्यावर १५ जीबीपर्यंत जागा फुकट मिळते, त्यात ईमेल आणि फोटोही धरलेले असतात. मात्र व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे मूळ फोटोची प्रत नव्हे. साध्या पद्धतीने पाठवताना तो आक्रसला जातो. मूळ प्रत पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची प्रत शक्यतो हार्ड डिस्कवर असावी. एसएसडीतली माहिती विजेच्या भारावर टिकलेली असते. बरेच महिने वीज न लावता, त्यातही उन्हाळ्याच्या गरमीत ठेवली, तर जुन्या झालेल्या एसएसडीत तो भार कमी होऊ शकतो. अर्थात हार्ड डिस्कही कपाटात विसरून जाऊ नये. वर्षातून एकदा लावून, चार फाईल उघडून बघाव्यात. दिवाळीच्या साफसफाईत हे काम सहज होतं.

लाईट, धूळ आणि प्रवास

गावात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. फाईल लिहिली जात असताना वीज गेली तर एसएसडी असो की हार्ड डिस्क, फाईल बिघडू शकते. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. त्याची बॅटरी पाच मिनिटं टिकली तरी काम जपून कॉम्प्युटर नीट बंद करता येतो.

चालू हार्ड डिस्कला धक्का सहन होत नाही. चकतीवरून दांडी केसापेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. लॅपटॉप चालू ठेवून मोटारसायकलवरून नेणं, बाहेरची हार्ड डिस्क फाईल कॉपी होत असताना टेबलावरून पडणं, यात डिस्क कायमची जाऊ शकते. वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये म्हणूनच एसएसडी बरी.

लॅपटॉपमध्ये डिस्कला एकच जागा असेल तर तिथे एसएसडी बसवावी. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर तो काढून त्या जागी कॅडी बसवून हार्ड डिस्क लावता येते. तेही नसेल तर जुन्या हार्ड डिस्कला केसिंग घालून ती बाहेरून यूएसबीने वापरता येते.

दुकानात आणि भंगारात जाण्याआधी

एसएसडी घेताना आपल्या कॉम्प्युटरला साटा बसते की एनव्हीएमई, हे आधी विचारावं. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्यावी. मोबाईलवर दिसणाऱ्या 'अगदी स्वस्तात २ टीबी' च्या जाहिरातींपासून लांब राहावं. अशा डिस्क नावाला मोठ्या दिसतात, पण आतली खरी जागा संपली की जुन्या फाईलींवरच नवीन लिहीत राहतात. फाईलींची नावं दिसतात, उघडत मात्र नाहीत. डिस्कची तब्येत पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर मिळतं. सेकंडहँड डिस्क घेताना ते दुकानातच लावून बघावं.

जुनी हार्ड डिस्क भंगारात देतानाही काळजी हवी. सेवा केंद्रातल्या डिस्कवर शेकडो लोकांचे आधार, पॅन, बँक पासबुक यांचे स्कॅन साठलेले असतात. नुसतं डिलीट केल्याने ते जात नाहीत, कुणीही परत काढू शकतो. डिस्क पूर्ण फॉरमॅट करावी, क्विक फॉरमॅट नव्हे. डिस्क चालूच होत नसेल तर आतल्या चकत्या फोडून मगच द्यावी. खरं तर काम झालं की गिऱ्हाइकाचं आधार दोन्ही डिस्कवरून पुसायचं, ही सवय सगळ्यात चांगली.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, त्यांनी काय करावं?

हा विषय फक्त स्टुडिओवाल्यांचा किंवा केंद्रचालकांचा नाही. घरातल्या लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या आजीचे फोटो कुणाच्या तरी डिस्कवर असतात. लग्नाची ऑर्डर देतानाच विचारून घ्यावं, "भाऊ, मूळ फोटो किती दिवस ठेवता? किती ठिकाणी ठेवता?" अल्बमसोबत सगळ्या मूळ फोटोंची प्रत पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर मागून घ्यावी, आणि घरी आणल्यावर ती दुसऱ्या एका ठिकाणी कॉपी करून ठेवावी. मामाच्या घरी, लेकीच्या सासरी, कुठेही चालेल.

थोडक्यात लक्षात ठेवा

- विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू काम एसएसडीत. मोठं आणि संपलेलं काम हार्ड डिस्कवर.
- सी आणि डी एकाच डिस्कचे भाग असू शकतात. टास्क मॅनेजरमध्ये खात्री करा.
- एसएसडीत १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा.
- फॉरमॅटआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, हिशेबाचा डेटा आणि फॉन्ट काढून घ्या.
- वाटणी वेगासाठी असते आणि प्रत सुरक्षिततेसाठी. एक करून दुसरं झालं असं समजू नका.

एसएसडी गेली तर नवी मिळते, हार्ड डिस्क गेली तर तीही मिळते. विंडोज पुन्हा घालता येते. पण ज्या फोटोची दुसरी प्रतच काढली नव्हती, तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.